गुन्हेगार कुटुंबाची पटकथा: उत्तरार्धात घर हरवतं तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गुन्हेगारीवर जगणाऱ्या एका कुटुंबाची पटकथा १३० पानांवर गेली आहे. कुटुंबात अकरा माणसं आहेत. मध्यंतरापर्यंत वाचणाऱ्यांना ती धरून ठेवते. मध्यंतराला बाप मरतो, पुढे दोन भाऊ एकमेकांवर उठतात आणि तिथून शेवटपर्यंत 'नुसत्या गोळ्या' असा शेरा मिळतो. दुरुस्ती कुठून सुरू करायची?

गोळ्या कमी करून हा खर्डा सुधारणार नाही. उत्तरार्धातल्या हिंसेमुळे घरात काहीच हलत नाही, कंटाळा त्याचा येतो. पूर्वार्धात प्रत्येक प्रसंग दुहेरी काम करत असणार: धंद्यात काहीतरी घडतं आणि त्याच वेळी घरात कुणाची तरी जागा बदलते. बाप मेला की बहुतेक लेखक नकळत घराला कुलूप लावतात आणि सगळ्यांना रस्त्यावर आणतात. मग उरतो दोन टोळ्यांचा झगडा. त्यांचे म्होरके सख्खे भाऊ आहेत, हे अधूनमधून संवादात ऐकू येतं तेवढंच. अशा चित्रपटात कुटुंब ही पार्श्वभूमी धरली की तो पडतो. सगळे गुन्हे घरातल्या देण्याघेण्यातून उगवले पाहिजेत आणि त्यांचा हिशेबही घरातच व्हायला हवा. खाली सांगितलेली सगळी कामं या एका गोष्टीसाठी आहेत.

आधी वनलाइन काढा. खर्डा बाजूला ठेवून प्रत्येक सीनसाठी एकच ओळ लिहा: क्रमांक, जागा, कोण असतं, काय घडतं. दोन तासांच्या चित्रपटात असे ५५ ते ७० सीन निघतात. १३० पानांत ८० निघाले तरी आश्चर्य नाही. आता प्रत्येक ओळीपुढे दोन रकाने आखा. पहिल्यात 'धंद्यात काय बदललं' आणि दुसऱ्यात 'घरात काय बदललं'. भरताना एक नियम कडक पाळा: बदल डोळ्यांना दिसणारा आणि परत फिरवता न येणारा हवा. 'तणाव वाढतो', 'दोघांत दुरावा येतो' असं काही लिहायचं नाही. 'आईने तिजोरीची किल्ली थोरल्याकडून काढून सुनेच्या हातात दिली' हे चालेल. 'मधल्याने भावाला न विचारता माल विकला' हेही चालेल.

हा तक्ता भरल्यावर दोष कुठे आहे ते कुणी सांगावं लागत नाही. घराचा रकाना सलग तीन सीन रिकामा दिसला की तिथे खूण करा. वाचकाचं लक्ष तिथेच सुटलेलं असतं. दोन्ही रकाने रिकामे असलेला सीन काढून टाका, तो कितीही देखणा असला तरी. धंद्याचा रकाना रिकामा आणि घराचा भरलेला असे आठ-दहा सीन खपतात, उलट ते हवेतच. दोन्ही रकाने भरलेले सीन निम्म्याहून कमी असतील तर संवाद घासत बसण्यात अर्थ नाही, बांधणीच उकलावी लागेल.

धंद्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं, कारण पुष्कळ खर्ड्यांत तो नुसता धूसर असतो. 'हे लोक दोन नंबरचं काम करतात' एवढ्यावर चित्रपट उभा राहत नाही. उदाहरण म्हणून असं कुटुंब घेऊ: चोरीच्या गाड्या विकत घ्यायच्या, त्या उघडून सुटे भाग विकायचे. आता प्रश्न विचारत जायचे. गाडी आणून कोण देतं आणि त्याला पैसे कधी मिळतात? गाडी उघडायला किती वेळ लागतो आणि तोवर ती कुठे उभी असते? ज्या भागांवर क्रमांक कोरलेला असतो त्यांचं काय होतं? विकत घेणारा उधारी ठेवतो का? रोख रक्कम रात्री कुठे असते? वही कोण लिहितं? आणि बाहेरच्या जगाला हे कुटुंब काय करताना दिसतं? या प्रश्नांची उत्तरं पडद्यावर सगळी येणार नाहीत. पण लेखकाला ती पाठ हवीत, कारण भांडणं तिथूनच फुटतात. उघडलेली गाडी दोन दिवस आवारात पडून राहिली आणि त्या दोन दिवसांत धाकटीचं लग्न ठरवायला माणसं येणार असतील, तर हा प्रसंग कथेत आणून बसवावा लागत नाही. तो धंद्याच्या पोटातून आपोआप येतो.

पैशाचं वजन हे असंच एक दुर्लक्षित प्रकरण. अमेरिकी डॉलरची नोट कुठल्याही मूल्याची असली तरी साधारण एक ग्रॅम वजनाची असते. म्हणजे दहा लाख डॉलर शंभराच्या नोटांत १० किलो होतात आणि वीसच्या नोटांत ५० किलो. खर्ड्यात मात्र कुणीतरी तीच रक्कम एका हातातल्या ब्रीफकेसमधून सहज नेतो. ५० किलो उचलायला दोन माणसं लागतात. मग दुसरा माणूस कोण, हा प्रश्न येतो आणि त्या उत्तरात घरातला विश्वास मोजला जातो. थोरला भाऊ मधल्याला वगळून मामाला बरोबर नेतो, हा एक सीन पाच संवादांचं काम करतो. तुमच्या कथेत जे चलन असेल त्याच्या नोटेचं वजन आणि गड्डीची जाडी शोधून काढा आणि रक्कम त्यावरून ठरवा.

अकरा माणसांचं काय? दोन तासांत प्रेक्षक सहा, फार तर सात माणसं कुटुंबातली म्हणून नीट ओळखतो. बाकीची चेहरेपट्टीवर लक्षात राहतात आणि मेली की कोण मेलं ते विचारावं लागतं. पात्र ठेवायचं की काढायचं यासाठी एक सोपी कसोटी आहे: हा माणूस उद्या पकडला गेला तर आठवडाभर कोणतं काम अडेल? आणि घरात कुणाचं काय बिघडेल? दोन्ही उत्तरं ठोस आली तर पात्र ठेवा. एकच आलं तर त्याला दुसऱ्या पात्रात मिसळा. वही लिहिणारा चुलत भाऊ आणि सगळं पाहून गप्प बसणारी आत्या अशी दोन पात्रं असतील, तर वही आत्याच्या हाती द्या आणि चुलत भाऊ काढा. आत्या एकदम महत्त्वाची होते. गप्प बसण्याला किंमत येते, कारण तिला आकडे माहीत आहेत.

माणसं उरली की प्रत्येकाच्या नावापुढे दोन पायऱ्या लिहा: घरात तो कितवा आणि धंद्यात कितवा. दोन्ही पायऱ्या जुळणारी माणसं नाट्याच्या दृष्टीने मुकी राहतात. जिथे त्या जुळत नाहीत तिथे गोष्ट आहे. 'द गॉडफादर' (१९७२) या चित्रपटातलं कुटुंब याच विसंगतीवर उभं आहे. मायकल भावांत धाकटा, तरी गादी त्याच्याकडे जाते. फ्रेडो त्याच्याहून थोरला आणि बाजूला सारलेला. टॉम हेगन रक्ताचा नाही, वाढला घरात, आणि सल्लागाराच्या खुर्चीवर बसतो. दुसऱ्या भागातला (१९७४) फ्रेडोचा सगळा उद्रेक या एका न जुळणाऱ्या पायरीचा आहे. तो प्रेक्षकाला पटतो, कारण त्याचं बीज पहिल्या भागातच पेरलेलं असतं.

तुमच्या दोन भावांना हीच कसोटी लावा. थोरला घरात मोठा आणि धंद्यातही मोठा असेल, मधला दोन्हीकडे दुय्यम असेल, तर मधल्याचं बंड म्हणजे निव्वळ हाव ठरते. हाव दोन सीन पुरते, पन्नास पानं पुरत नाही. थोरल्याला घरात मान आहे पण माल कुठून येतो ते त्याला ठाऊक नाही, आणि मधला सगळा धंदा हातावर चालवतो पण त्याची बायको आजही सर्वांत शेवटी जेवायला बसते, असं केलंत की दोघांचंही म्हणणं खरं होतं. दोघं खरे असल्याशिवाय भाऊबंदकी पडद्यावर उभी राहत नाही.

आता मुख्य दुखणं, बापाच्या मरणानंतरचा भाग. कर्ता माणूस मेल्यावर तो कथेतून पूर्ण जातो, इथे खर्डे मोडतात. तो जायला नको. त्याने केलेला एखादा व्यवहार, दिलेला शब्द, लपवलेली गोष्ट किंवा बजावलेला इशारा उत्तरार्धात काम करत राहिला पाहिजे. 'द गॉडफादर'मध्ये बागेतला बाप-लेकाचा प्रसंग यासाठी वारंवार अभ्यासावा असा आहे. बापलेकांच्या मायेचा एकही प्रसंग नाही हे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना जाणवलं आणि त्यांनी तो पटकथाकार रॉबर्ट टाउन यांच्याकडून लिहून घेतला. टाउन यांचं नाव श्रेयनामावलीत नाही. ऑस्कर स्वीकारताना कपोला यांनी त्यांचे जाहीर आभार मानले. त्या प्रसंगात बाप काय बोलतो ते पाहा. जो कुणी शत्रूबरोबरच्या बैठकीचा निरोप घेऊन येईल तोच फितूर, हे तो लेकाला बजावतो. मग हल्ली वाइन जास्त घेतो म्हणतो, नातवाची चौकशी करतो, फोनवर पाळत ठेवायची आठवण करतो. लेक सांगतो, ते मी पाहतो. सगळी माया धंद्याच्या सूचनांमधून वाहते आणि 'हे तुझ्या वाट्याला यावं असं मला कधीच वाटलं नव्हतं' हे मध्येच एकदा येऊन जातं.

बांधणीच्या दृष्टीने या प्रसंगाची खरी करामत पुढे कळते. बाप मरतो, आणि त्याच्या अंत्यविधीतच एक जुना विश्वासू माणूस बैठकीचा निरोप घेऊन येतो. बाप नाही, पण त्याचं वाक्य काम करतं. त्यानंतरच्या हत्यांमध्ये घरचा जावईही असतो, ज्याच्या मुलाचा मायकल नुकताच धर्मपिता झाला आहे. म्हणजे शेवटची हिंसा पुन्हा घरातच येऊन पोचते. तुमच्या खर्ड्यात बापाचा असा एक शेवटचा व्यवहार पूर्वार्धातच लावून ठेवा, साधारण ४५ ते ५५ पानांच्या दरम्यान. त्याआधी लावलात तर विसरला जातो आणि मरणाच्या फार जवळ लावलात तर जुळवून आणल्यासारखा दिसतो. तो व्यवहार दोन भावांना वेगवेगळा माहीत असावा. एकाला वाटतं बापाने जागा विकली, दुसऱ्याला माहीत आहे की ती गहाण टाकली. खरं काय ते फक्त आईला ठाऊक. एवढ्या एका गाठीवर तुमचा उत्तरार्ध वीस-पंचवीस पानं सहज चालेल, एकही गोळी न झाडता.

हिंसेच्या सीनचा हिशेब वेगळा मांडा. दोन तासांत सहा-सात हिंसक प्रसंग भरपूर झाले. प्रत्येकाचे तीन तुकडे करा: तयारी, कृती, परिणाम. नवख्या खर्ड्यात कृती तीन पानं असते, तयारी अर्धं पान आणि परिणाम शून्य. हे उलट करा. तयारी दोन ते तीन पानं, कृती अर्धं पान, परिणाम किमान दोन पूर्ण सीन, आणि त्यातला एक घरात. पुन्हा 'द गॉडफादर'मधलाच, मायकल दोघा शत्रूंना मारतो तो रेस्टॉरंटमधला प्रसंग पाहा. पिस्तूल स्वच्छतागृहात लपवायचं ठरतं, मायकलला ते चालवायचं आणि टाकून द्यायचं शिकवलं जातं, कुठलं रेस्टॉरंट ते आधी शोधावं लागतं. प्रेक्षकाला सगळी योजना माहीत असते. टेबलावरचं इटालियन संभाषण उपशीर्षकांशिवाय चालतं, म्हणून शब्दांवरून लक्ष उडून चेहऱ्यावर जातं, आणि ध्वनीचं काम पाहणाऱ्या वॉल्टर मर्च यांनी वापरलेला आगगाडीच्या चाकांचा कर्कश आवाज वाढत जातो. गोळ्या काही क्षणांत संपतात. परिणाम मात्र पुढचे कितीतरी प्रसंग व्यापतो: घरातला एक मुलगा देशाबाहेर जातो, आणि त्यामुळे दुसरा मुलगा उघडा पडतो.

कृती लिहिताना शरीराचे साधे नियम मोडू नका. बंद खोलीत पिस्तूल झाडलं की आत असलेल्यांच्या कानात घंटा वाजत राहतात. त्यानंतर लगेच कुणी कुजबुजून बोललं तर समोरच्याला ऐकू येणार नाही. धावून आलेल्या माणसाला धाप लागते आणि लांब वाक्य बोलता येत नाही. रक्त लागलेले कपडे कुणीतरी धुवावे किंवा जाळावे लागतात. हे काम घरात कोण करतं, हा पुन्हा घराच्या रकान्यातला प्रश्न.

सुरुवातीबद्दल. लग्न किंवा अंत्यविधी अशा मोठ्या जमावाने सुरुवात करायचा मोह सगळ्यांनाच होतो. 'द गॉडफादर'मध्ये लग्नाचा भाग जवळजवळ २५ मिनिटं चालतो. तो चालतो याचं कारण तिथे उत्सव दाखवला आहे हे नाही. आतल्या अंधाऱ्या खोलीत एकेक माणूस याचना घेऊन येतो, प्रत्येक याचनेतून धंद्याचा एक नियम कळतो, आणि बाहेर उन्हात घरातली माणसं कळतात. छायाचित्रकार गॉर्डन विलिस यांनी खोलीतला प्रकाश वरून टाकून डोळे सावलीत ठेवले, त्यामुळे या दोन जगांतला फरक एकही वाक्य न बोलता उमटतो. नुसत्या जमावाची नक्कल सोपी आहे, या दुहेरी रचनेची नाही. जमाव घ्यायचाच असेल तर असा घ्या जिथे कुणाची तरी सही, होकार किंवा साक्ष हवी आहे: वाटणीची बैठक, रुग्णालयाच्या बाहेरचं थांबणं, जामिनाची तारीख.

याच्या अगदी उलट वाटही आहे. 'ॲनिमल किंगडम' (२०१०) हा ऑस्ट्रेलियन चित्रपट एका शांत खोलीत सुरू होतो. सतरा वर्षांचा मुलगा सोफ्यावर बसून टीव्ही पाहतो आहे, शेजारी आई निपचित पडली आहे. अतिरिक्त हेरॉइनने ती मेली आहे हे आपल्याला मदतीला माणसं आल्यावर कळतं. मग तो आजीला फोन करतो आणि आजी त्याला न्यायला येते. तिची मुलं सशस्त्र दरोडेखोर आहेत. प्रेक्षक त्या घरात त्या मुलाबरोबर शिरतो, म्हणून धंदा समजावून सांगणारा एकही रटाळ प्रसंग लागत नाही. नवागताच्या वाटेत एक धोका आहे: तो नुसता पाहत राहतो आणि कथेला वाहून नेत नाही. त्याच्याकडून चाळिसाव्या पानापर्यंत एक तरी निर्णय घडवा जो कुटुंबाला महागात पडेल.

त्याच चित्रपटातली आजी हा घरातल्या स्त्रियांबद्दलचा उत्तम धडा आहे. जॅकी वीव्हर यांना त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. बराच काळ ती फक्त प्रेमळ, अंमळ जास्तच मुके घेणारी आई दिसते. मुलं अडकल्यावर मात्र तिच्या ओळखी आणि तिचा हिशेब एकदम पुढे येतो, आणि नातवालाच वाटेतून दूर करायची व्यवस्था ती थंडपणे लावते. ती बदललेली नसते, आपल्याला उशिरा कळलेली असते. बहुतेक खर्ड्यांत आई, बायको, बहीण यांना एकच काम असतं: दारात उभं राहून 'हे सगळं सोडा' म्हणणं. त्या घरातला प्रत्येक घास त्याच पैशातून आलेला आहे आणि त्यांना ते ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक स्त्री पात्राबद्दल तीन गोष्टी लिहून काढा: तिला काय माहीत आहे, माहीत नसल्याचं ती कुणापुढे दाखवते, आणि कोणत्या गोष्टीसाठी ती कुणाला तरी बळी देईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर ते पात्र अजून लिहून झालेलं नाही.

पोलिसांचं काम फार पसरवू नका. एक अधिकारी पुरे. त्याला स्वतःचं मोडकं घर देऊन समांतर कथा चालवायची गरज नाही. त्याचं काम कुटुंबातला सर्वांत सैल दुवा ओळखणं आणि त्यावर शांतपणे भार टाकत राहणं. तो दुवा भित्रा माणूस नसतो. ज्याला घरात सर्वांत कमी मिळालं तो. हा अधिकारी ज्याच्याशी बोलायला जातो त्यावरून प्रेक्षकाला कळतं की घरात कुणावर अन्याय झालाय, म्हणून त्याचे सीनही शेवटी घराचेच होतात. अटक, कोठडी, जामीन, खटला यांचे टप्पे आणि मुदती तुमची कथा ज्या देशात आणि काळात आहे तिथल्या कायद्याप्रमाणे तपासून घ्या, आणि फौजदारी वकिलाकडून ते सीन वाचून घ्या. आज अटक, उद्या निकाल असा वेग दिसला की जाणकार प्रेक्षक पुढचं काहीच मानत नाही.

खऱ्या कुटुंबावरून कथा उचलली असेल तर अंतर ठेवा. 'ॲनिमल किंगडम'ची प्रेरणा मेलबर्नमधल्या १९८८च्या वॉल्श स्ट्रीट प्रकरणातून आली. त्यात दोन तरुण पोलीस शिपायांना गोळ्या घालून मारलं गेलं आणि खटल्यातले चारही आरोपी १९९१ मध्ये निर्दोष सुटले. चित्रपटाने नावं, नाती, घटनांचा क्रम सगळं स्वतःचं घडवलं. निर्दोष सुटलेल्या माणसाला पडद्यावर खुनी दाखवणं कायद्याने अडचणीचं आहे, आणि मारल्या गेलेल्यांचे आईवडील, मुलं हयात असतात हे त्याहून मोठं. न्यायालयाचा निकाल आणि प्रसिद्ध नोंदी वाचा, त्यातून यंत्रणा समजून घ्या आणि कुटुंब नव्याने उभारा.

संवादांना हात शेवटी लावा, पण लावाल तेव्हा निष्ठुरपणे. एकत्र वाढलेली माणसं एकमेकांना माहीत असलेलं सांगत नाहीत. 'तू माझा सख्खा भाऊ आहेस आणि वीस वर्षं आपण हा धंदा करतोय' हे वाक्य कुठल्याही भावाने भावाला सांगितलेलं नाही. गुन्ह्याचं नाव घरात घेतलं जात नाही. 'काम', 'ते', 'परवाचं', 'तो माणूस' एवढंच. अर्धी वाक्यं, दुसऱ्याने पूर्ण केलेली वाक्यं, विषय बदलणं. आपल्या भाषेत आणखी एक हत्यार आहे, ते जपून वापरा: बापाला आयुष्यभर 'तुम्ही' म्हणणारा मुलगा एकदाच 'तू' म्हणतो, किंवा थोरल्याला 'दादा' म्हणणारा मधला नावाने हाक मारतो. हे पूर्ण चित्रपटात एकदाच घडलं पाहिजे, आणि त्या क्षणी कुणी त्यावर बोट ठेवता कामा नये. धमक्याही अशाच. ओरडलेली धमकी प्रेक्षकाला घाबरवत नाही. घरातल्या मुलाच्या शाळेची वेळ सहज विचारणारा पाहुणा घाबरवतो.

शेवटाचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण दोन भावांपैकी कुणीतरी मरणार हे वाचणाऱ्याला मध्यंतरालाच कळत असेल. गुन्हेगार मेलाच पाहिजे ही सवय जुनी आहे. अमेरिकेत १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या निर्मिती संहितेत, म्हणजे चित्रपटात काय दाखवायचं याच्या नियमावलीत, गुन्ह्याला शिक्षा दाखवणं बंधनकारक होतं. १९६८ मध्ये तिची जागा प्रेक्षकांच्या वयानुसार चित्रपटांच्या वर्गवारीने घेतली, आणि चारच वर्षांनी 'द गॉडफादर'चा शेवट एका बंद होणाऱ्या दारावर करता आला: गुन्हेगार जिवंत, सत्तेवर, आणि बायको दाराबाहेर. शिक्षा झाली ती घराला. 'ॲनिमल किंगडम'च्या शेवटी तर नातू घरी परततो, मामाला गोळी घालतो आणि बाहेर येऊन आजीला मिठी मारतो. आता या घरात कुणाचं चालणार ते त्या मिठीत कळतं. तुमच्या शेवटासाठी हाच प्रश्न वापरा: शेवटच्या पानानंतर त्या घरात किल्ली कुणाकडे आहे, आणि ती मिळवताना त्याने घरातलं कोणतं माणूस गमावलं? हे ठरलं की कोण मरतं ते आपोआप ठरेल. कदाचित कुणालाच मारावं लागणार नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. पहिला आठवडा फक्त वनलाइन आणि दोन रकाने. खर्ड्याला हात नाही. नंतर पात्रं अकरावरून सातावर आणा आणि दोन पायऱ्यांची विसंगती बसवा. मग बापाचा शेवटचा व्यवहार शोधा, तो पूर्वार्धात पेरा आणि उत्तरार्धाची वनलाइन त्याच्या भोवती नव्याने लिहा. हिंसेच्या सीनची तयारी-कृती-परिणाम अशी मापं तपासा. एवढं झाल्यावरच नवा खर्डा, ११० ते ११५ पानांचा. पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरावीक टंकावर आणि मांडणीवर बेतलेला आहे. देवनागरीत टंक आणि आकार बदलला की तो चुकतो. म्हणून खर्डा मोठ्याने वाचून, कृतीच्या ओळींना खरा वेळ देऊन घड्याळ लावा. सात पात्रांसाठी सात वाचक बसवा, वर्णन वाचायला आठवा. वाचनाच्या वेळी लेखकाने कुठलंही पात्र वाचू नये. कागदावर मान वर-खाली कधी होते, कुणी पान चाळतं का, 'हा कोण?' असं शेजाऱ्याला कुणी विचारतं का, हे सीनच्या क्रमांकासह टिपत राहावं. ते क्रमांक वनलाइनच्या तक्त्याशी लावून पाहा आणि घराचा रकाना तिथे भरलेला आहे का ते तपासा.